कार्डं आधी की सॉफ्टवेअर आधी, माझं कसं ठरलं

तुळशीची लग्नं लागली की कोल्हापुरात आम्हा फोटोग्राफर लोकांचा सीझन चालू होतो आणि मग पाऊस येईपर्यंत मान वर करायला मिळत नाही. त्यामुळं जे काय सामान घ्यायचं, बदलायचं ते दसरा-दिवाळीच्या आतच उरकावं लागतं. यंदा माझ्याकडं थोडे पैसे बाजूला पडले होते, लई नाही, नवीन बॉडी किंवा लेन्स यातनं येणार नाही एवढेच. डोक्यात दोन गोष्टी होत्या. एकतर जुनी झालेली सगळी मेमरी कार्डं काढून टाकून चांगली घ्यायची, नाहीतर लाइटरूम-फोटोशॉप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्यायचं. दोन्ही एकदम बसत नव्हतं. मग कुठलं आधी हे ठरवायला मी काय काय केलं ते सविस्तर लिहितेय, कारण नवीन पोरं-पोरी हाच प्रश्न सारखा विचारतात आणि एका ओळीत उत्तर देऊन त्यांचं भलं होत नाही.

माझं काम म्हणजे लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं आणि चैत्रात जोतिबाची यात्रा, ती मात्र स्वतःच्या हौसेनं. कॅमेरा निकॉन डी ७५०, २०१४ साली आलेलं मॉडेल, मी सेकंड हँड घेतलाय, त्याला दोन एसडी स्लॉट आहेत. सोबत भाचा असतो, लाइट धरतो, कार्डं सांभाळतो.

पहिल्यांदा विचारलं माझे अल्बम करून देणाऱ्या दादांना. ते सरळ म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक कार्ड बघतंय व्हय? त्याला फोटो कसा दिसतोय तेवढंच कळतंय. सॉफ्टवेअर घ्या तुम्ही." मग लक्ष्मीपुरीतल्या काकांकडं गेले, रोलच्या जमान्यापासून लग्नं करत आलेला माणूस, त्यांचं बरोबर उलटं, "पोरी, रोलच खराब असंल तर डार्करूममध्ये जाऊन काय धुणार हाईस?" दोघांचंही खरं आहे आणि दोघं आपापल्या कामाकडनं बोलत होते, दादांच्या हातात फोटो येतो तेव्हा तो सुखरूप आलेलाच असतो, काकांची सगळी काळजी तो येईपर्यंतची. म्हणून मी म्हटलं, दुसऱ्याला विचारणं बास, आपल्या कामात अडतंय कुठं ते आपणच बघावं.

तर सुरुवात शूटपासून. लग्नात सगळ्यात अवघड क्षण कुठला विचाराल तर अंतरपाट खाली जातो तो. शेवटची मंगलाष्टका संपते, अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होतात, अंतरपाट बाजूला होतो, दोघं एकमेकांकडं बघतात आणि लगेच हार. हे सगळं काही सेकंदांत होतं आणि परत होत नाही, कुणाला "जरा परत करा" म्हणता येत नाही. तिथं आपण बटण दाबून धरतो. डी ७५० सेकंदाला साडेसहा फोटो काढतो पण रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची, न घडवलेली मोठी फाइल, त्याच्या बफरमध्ये, म्हणजे कार्डावर जायच्या आधी फोटो थांबतात त्या कॅमेऱ्यातल्या जागेत, पंधराच्या आसपासच फोटो मावतात, म्हणजे दोन-तीन सेकंदांत भरला. शटर अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमध्ये आर आणि पुढं आकडा दिसतो बघा, तो १५ वरनं खाली खाली येतो आणि शून्य झाला की कॅमेरा अडखळायला लागतो, कार्डावर एक फोटो लिहून झाला की मगच पुढचा काढतो. म्हणजे त्या घडीला तुमचा कॅमेरा कितीही भारी असू दे, वेग ठरवतं ते कार्ड.

हे मी घरी बसून मोजलं. जुनं क्लास १० चं कार्ड घातलं, शून्य येईपर्यंत बटण दाबलं आणि फोनचा स्टॉपवॉच लावून कार्डाचा दिवा विझेपर्यंत थांबले. अर्धा मिनिट. मग मैत्रिणीचं त्याहून वेगवान, व्ही ३० चं कार्ड मागून आणलं (हे आकडे काय ते पुढं सांगते) आणि तसंच केलं, सहा-सात सेकंदात दिवा बंद. एवढा फरक असेल असं मलाही वाटलं नव्हतं! एक रॉ फाइल २५ ते ३० एमबीची, पंधरा म्हणजे चारशेच्या वर एमबी, मग हिशोब तुम्हीच करा.

आता कार्डावरच्या आकड्यांबद्दल, कारण दुकानात यावरच सगळा गोंधळ असतो. कार्डावर मोठ्या अक्षरात १७०, २०० असं जे छापलेलं असतं तो वाचायचा वेग, म्हणजे कार्डातनं लॅपटॉपवर घेतानाचा, आणि तोसुद्धा 'इथपर्यंत जाऊ शकतो' असा. लिहायचा वेग त्याहून कमी असतो आणि बऱ्याचदा पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात. आपल्याला बघायचंय ते छोटं चिन्ह. गोलात १० असेल तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिणार, यू च्या आत ३ असेल किंवा व्ही ३० असेल तर किमान ३०, व्ही ६० म्हणजे ६०, व्ही ९० म्हणजे ९०. किमान हा शब्द महत्त्वाचा, चांगली व्ही ३० कार्डं प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पटसुद्धा लिहितात.

दुसरं चिन्ह म्हणजे रोमन एक किंवा रोमन दोन. ते यूएचएसचं, म्हणजे कार्ड आणि कॅमेरा यांच्यामधल्या रस्त्याचं. एक असेल तर ठरलेल्या मानकानुसार सेकंदाला जास्तीत जास्त १०४ एमबी, दोन असेल तर ३१२. दोनवालं कार्ड पाठीमागनं बघितलं तर पिनांची एक ओळ जादा दिसते, ओळखायला सोपं. पण डी ७५० चे दोन्ही स्लॉट यूएचएस एकचे. त्यात महागडं दोनवालं कार्ड चालतं पण धावतं एकच्याच वेगानं, कारण कॅमेऱ्यात त्या दुसऱ्या ओळीला टेकायला पिनाच नाहीत. राजारामपुरीत एका दुकानात मला तेच कार्ड लई आग्रहानं दाखवत होते, मी स्लॉटचं सांगितल्यावर गडी गप्प. तुमच्याकडं कॅनन आर ६ वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, त्याचे दोन्ही स्लॉट यूएचएस दोनचे आहेत, तिथं पैसे घातलेले वसूल होतात. म्हणून कार्ड घ्यायच्या आधी आपल्या बॉडीचं मॅन्युअल उघडा, दुकानदाराचं तोंड बघू नका.

आणखी एक, डी ७५० च्या मेनूमध्ये दुसऱ्या स्लॉटचं काम काय ते ठरवता येतं, पहिलं भरलं की दुसरं, नाहीतर रॉ एकात आणि जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेला लहान आकाराचा फोटो, दुसऱ्यात, नाहीतर बॅकअप म्हणजे दोन्हीत तेच. मी लग्नाला बॅकअपच लावते. त्यात दोन्ही कार्डांवर लिहून झाल्याशिवाय बफर मोकळा होत नाही, म्हणजे एक कार्ड वेगवान आणि एक जुनं घातलं तर जुन्याच्याच वेगानं काम होणार. म्हणून कार्डं घ्यायची तर जोडीनं, सारखी. इथंच माझा खर्च दुप्पट झाला आणि सॉफ्टवेअरचे पैसे यातच जाणार हे दिसायला लागलं, पण तरी मी लगेच ठरवलं नाही.

शूटनंतरचं काम म्हणजे डेटा उतरवणं. इथं मला वाटत होतं की कार्ड बदललं की हेपण आपोआप पळायला लागेल. मैत्रिणीचं कार्ड लावून बघितलं तर तेवढाच वेळ. मग लक्षात आलं की कार्ड रीडर जुना, यूएसबी २ चा. त्याच्यातनं सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या वर काय येत नाही, म्हणजे ६४ जीबीचं भरलेलं कार्ड उतरवायला अर्धा तास. यूएसबी ३ चा रीडर लॅपटॉपच्या निळ्या पोर्टमध्ये लावला तर तेच काम बारा-पंधरा मिनिटांत. रात्री बारा वाजता हॉलवरनं आल्यावर हा फरक काय असतो ते लग्नं करणाऱ्यांनाच ठाऊक. आणि रीडरला पैसे लागतात किती, कार्डाच्या मानानं किरकोळ. तुमचं बजेट अगदीच कमी असेल तर मी म्हणेन आधी रीडर बदला.

याच दरम्यान मी घरातली सगळी कार्डं तपासायला काढली. एच२टेस्टडब्ल्यू म्हणून एक फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे विंडोजसाठी, लिनक्स-मॅकवाल्यांसाठी एफ३. ते काय करतं, कार्ड पूर्ण भरेपर्यंत त्यावर फाइली लिहितं आणि मग परत वाचून जे लिहिलं तेच आहे का ते ताडून बघतं. वेळ खातं, मोठ्या कार्डाला तासाच्या वर जाऊ शकतो, लावून भाकऱ्या करायला जावं. बाकी कार्डं ठीक निघाली पण एक १२८ जीबीचं, एका ऑनलाइन सेलरकडनं ऑफरमध्ये आलेलं, ज्याचं पाकीटसुद्धा अगदी अस्सल दिसत होतं, ते तपासणीत नापास. आत खरी जागा १२८ च्या जवळपासही नव्हती! असल्या नकली कार्डात आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, कॅमेऱ्याला ते १२८ सांगतं, खरी जागा भरली की पुढचे फोटो जुन्यावर लिहिले जातात नाहीतर नुसतेच गायब होतात, आणि वाईट म्हणजे फाइलींची नावं सगळी दिसतात, उघडायला गेलं की उघडत नाहीत. हे लग्नात झालं असतं तर त्या घरच्यांना मी काय तोंड दाखवलं असतं? ते कार्ड भाच्याच्या हाताला चुकून लागू नये म्हणून पकडीनं दोन तुकडे करूनच टाकलं. आणि हो, ६४ जीबीचं कार्ड लॅपटॉपवर ५९ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका, ते नकली नसतं, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, तेवढाच फरक.

आता सॉफ्टवेअर. दादांचं म्हणणं मी सोडून दिलं नव्हतं, कारण शेवटी फोटो तिथंच घडतो हेपण खरं. पण सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी फुकटात काय मिळतं ते नीट वापरून बघायचं ठरवलं. लोकांना माहीतच नसतं की कॅमेऱ्याच्या कंपनीचं स्वतःचं रॉ सॉफ्टवेअर मोफत असतं. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल. याचा मोठा फायदा म्हणजे रॉ उघडली की रंग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसलेले तसेच दिसतात, कारण कॅमेऱ्यातली सेटिंगं त्याला कळतात.

मी हळदीचा एक अख्खा कार्यक्रम त्यात एडिट केला, मुद्दाम, कारण हळद म्हणजे रंगांची परीक्षाच. नवरीची साडी पिवळी, मंडपाचं कापड पिवळं, त्यातनं गाळून येणारं ऊन पिवळं आणि तोंडाला हळद. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड बघून कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ते, तिथं काहीतरी भलतंच करतो, कधी सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी, कधी पिवळं मारायला जाऊन हळदच फिकी पडते. रॉ असेल तर व्हाइट बॅलन्स म्हणजे नुसता आकडा, नंतर पाहिजे तसा फिरवा. जेपेगमध्ये तो रंग फाइलीत पक्का बसलेला असतो, वर जेपेगमध्ये एका रंगाला २५६ छटा आणि १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४, त्यामुळं जेपेग ओढायला गेलं की गालावर डाग-पट्टे दिसायला लागतात. मी चौरंगाखालच्या पांढऱ्या कापडावर पिपेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं रंग उचलायचं साधन, टेकवला, तिथनं रंग धरला आणि मग हाताने थोडा ऊबदारपणा परत घातला, कारण हळदीच्या फोटोत पांढरं अगदी पांढरं केलं तर फोटो थंड पडतो. आईच्या हातावरची हळद आणि तिच्या बांगड्यांचा हिरवा, दोन्ही खरे दिसले तेव्हा मला समाधान झालं. हे फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये झालं बरं का.

अडलं कुठं तर संख्येत. एनएक्स स्टुडिओ पन्नास-शंभर फोटोला मस्त, हजार फोटो असले की सुस्तावतं. मग डार्कटेबल घेतलं, २००९ पासून लोक मिळून बनवतायत, पूर्ण मोफत, विंडोजवर २०१७ च्या शेवटी आलं. सुरुवातीला डोकं फिरतं, फोटो उघडला की फिका दिसतो आणि बटणं इतकी की कुठनं सुरू करायचं कळत नाही. पण एका फोटोला केलेलं स्टाइल म्हणून जपून बाकी सगळ्यांना लावता येतं हे जमलं की काम पळतं. मूळ रॉ ला ते हात लावत नाही, केलेले बदल शेजारी एका छोट्या फाइलीत ठेवतं. फक्त एक लक्षात ठेवा, डार्कटेबलमधलं एडिटिंग लाइटरूममध्ये जसंच्या तसं जात नाही, उद्या सॉफ्टवेअर बदललं तर एडिटिंग परत पहिल्यापासून. रॉ मात्र आहे तशी राहते, ती कुठंही उघडा.

मग लाइटरूमचं ट्रायल. ते सातच दिवसांचं असतं, म्हणून मी ते मोकळ्या आठवड्यात न लावता एक पूर्ण लग्न एडिटला आलं तेव्हाच चालू केलं. खरं सांगायचं तर भारी आहे. माणसावर किंवा नुसत्या आभाळावर मास्क लावायचा, म्हणजे तेवढाच भाग निवडून बदलायचा, तर एका क्लिकमध्ये, पन्नास फोटोंना तेच लावलं तरी प्रत्येकातला माणूस आपला आपण शोधतं. दादा म्हणतात ते खोटं नाही. पण २०२३ साली आलेलं लाइटरूमचं एआय डीनॉइज, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोतले दाणे काढायची सोय, ज्याच्यासाठी मी एवढी धडपड करत होते, कारण आमच्याकडच्या हॉलमध्ये संध्याकाळचं रिसेप्शन म्हणजे आयएसओ ६४०० आलंच, ते माझ्या लॅपटॉपवर एकेका फोटोला इतका वेळ घ्यायला लागलं की चहा होऊन कपबशा विसळून यावं. त्याला चांगलं ग्राफिक कार्ड लागतं, माझ्यात ते नाही. म्हणजे सबस्क्रिप्शन घेतलं तरी त्याचा अर्धा उपयोग लॅपटॉप बदलल्याशिवाय नाही. झालं, इथं माझं ठरलं.

एक गैरसमज सांगते, लोक म्हणतात पैसे भरायचे थांबवले की फोटो जातात. तसं नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये सबस्क्रिप्शन संपलं की एडिटिंगचा भाग बंद होतो, फोटो बघता येतात, एक्सपोर्टही करता येतात, आणि मूळ फाइली तर तुमच्याच डिस्कवर असतात. पण वार्षिक प्लॅन महिन्याच्या हप्त्यानं घेतला आणि मध्येच सोडला तर सोडायचे पैसे लागतात, तेवढं वाचून घ्या. आणि क्रॅक व्हर्जनचं कुणी सुचवलं तर माझं उत्तर नाहीच आहे. ज्या लॅपटॉपवर लोकांच्या लग्नाचा डेटा आहे तिथं कुठनं तरी उतरवलेलं क्रॅक चालवणं म्हणजे चोराला किल्ली देणं, आणि कष्ट करून बनवलेली वस्तू फुकट वापरायची असेल तर डार्कटेबल आहे की, ते राजरोस फुकट आहे.

तर पैसे गेले कार्डांत. ६४ ची एक जोडी, १२८ ची एक जोडी, सगळी व्ही ३०, यूएचएस एक, बिलासकट ओळखीच्या दुकानातनं, आणि यूएसबी ३ चा रीडर. ६४ मध्ये माझे दोन हजाराच्या आसपास रॉ मावतात, लग्नाच्या अर्ध्या दिवसाला पुरतात, मग जेवणाच्या पंगतीच्या वेळी शांतपणे १२८ ची जोडी घालते. पण ही मोठी जोडी घेतली ती खास जोतिबासाठी. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या, नाचायला लागल्या आणि गुलाल उधळला की हवाच गुलाबी होते, तिथं कार्डाचं झाकण उघडायची सोयच नाही, तो गुलाल मैद्यासारखा बारीक, स्लॉटच्या पिनांत गेला की संपलं. त्यामुळं डोंगर चढायच्या आधी मोठं कार्ड घालायचं आणि खाली येऊन हात धुतल्यावरच झाकण उघडायचं. कार्डाच्या पाठीवर गुलाल दिसला तर कोरड्या मऊ ब्रशनं झाडायचं, ओल्या फडक्यानं नाही आणि तोंडानं फुंकरही नाही, थुंकी उडते.

आल्या आल्या सगळी तपासून घेतली, मग मार्करनं एक अ, एक ब, दोन अ, दोन ब असे नंबर टाकले. भरलेलं कार्ड काढलं की त्याच्या कडेची लॉकची खिट्टी खाली ओढायची, मग त्यावर कॅमेरा काही लिहूही शकत नाही आणि फॉरमॅटही करू शकत नाही. परवा भाचा गडबडीत ओरडला, "मावशी, हे कार्ड घेतच न्हाई, लॉक दाखवतंय." म्हटलं, "असू दे तसंच, भरलंय ते, डबीत उलटं ठेव." तेवढ्यासाठीच तर ती खिट्टी.

कार्ड मोकळं कधी करायचं याचापण आता नियम आहे. डेटा दोन हार्ड डिस्कवर गेला, उघडून बघितला आणि त्यातली एक डिस्क दुसऱ्या घरी पोचली की मगच कॅमेऱ्यात फॉरमॅट, लॅपटॉपवर नाही. दुसऱ्या घरी हे आपल्या कोल्हापूरकरांना समजावून सांगायला लागू नये, २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय, दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर त्या दोन नव्हेतच. माझी दुसरी डिस्क आईकडं कळंब्याला असते.

एडिटिंग सध्या निवड आणि रंग एनएक्स स्टुडिओत, मोठा लॉट डार्कटेबलमध्ये आणि ज्या दहा-वीस फोटोंना बारीक काम पाहिजे ते दादांकडं, त्यांच्याकडं सगळं सॉफ्टवेअर आहेच आणि फोटोमागं पैसे देणं मला वर्षाच्या सबस्क्रिप्शनपेक्षा स्वस्त पडतं. लाइटरूम मी घेणार आहे, पण लॅपटॉपसोबतच. पुढच्या वर्षी पावसाळ्यात लॅपटॉपचं बघायचं, ग्राफिक कार्ड किमान ८ जीबीचं घ्या असं दादा म्हणतायत. तोवर रिसेप्शनच्या सगळ्या रॉ जपून ठेवल्यात, नवरा-नवरीच्या जवळच्या फोटोंना आत्ताच एक पिवळा लेबल लावून ठेवलाय म्हणजे डीनॉइज करायची वेळ आली की शोधत बसायला नको.